पहिल्या झोक्याचा मान

“वहिनी, त्या पोराचं नाक बघ. त्याला पाळण्याजवळ येऊ देऊ नको,” असं कार्मिनने हळूच सांगितलं, तेव्हा सेलिन हसली. “अगं, त्याच्यासाठी तर सगळे थांबलेत. बाप्तिस्म्याच्या दिवशी पाहुण्यांच्या मुलाला लांब हो म्हणू? आणि शेंबूड कुठल्या मुलाला नसतो?” एवढं बोलून तिने बाळाचं टोपरं सारखं केलं आणि त्या मुलाला स्वतःच हाक मारली.

मित्रांनो, तो पाळणा म्हणजे मी. आता मी वसईजवळच्या नंदाखाल गावात त्याच घराच्या माळ्यावर असतो. शेजारी भाताची जुनी कणगी आहे, एक फुटका कंदील आहे. धूळ बसली तरी माझं लाकूड अजून खणखणीत आहे आणि मला सगळं आठवतं. या घरातली माणसं आपसात जी बोली बोलतात ती तुम्हाला अर्धी कळेल, अर्धी नाही. म्हणून त्यांचं बोलणं मी शाळेच्या मराठीत सांगतो. मधला ठसका तेवढा तुम्ही मनाने घाला.

मी शिवणीच्या लाकडाचा आहे. शिवण हलकी असते, म्हणून आमच्याकडे पाळण्याला ती पसंत करतात. या घरामागच्या केळीच्या वाडीत, विहिरीच्या काठाला एक शिवण उभी होती. क्लेमेंटीन सून म्हणून घरात आली आणि तिला दिवस गेले, तेव्हा तिच्या सासऱ्यांनी ती तोडवली. सुतार ओटीवर बसून काम करायचा. समोर बैल फिरायचा, रहाट कुरकुरायचा आणि पाटातून पाणी केळीला जायचं. त्या कुरकुरीत मी घडलो. चार कातीव खांब, बाजूला बारीक दांड्या, वर टांगलेले लाकडी पोपट. पोपटांना हिरवा रंग द्यायचा होता, पण सुताराच्या डब्यात निळाच उरला होता. म्हणून माझे पोपट निळे.

माझ्यात पहिला निजला तो क्लेमेंटीनचा मुलगा, मार्सेल. देवळात बाप्तिस्मा करून बाळ घरी आणलं तेव्हा सुताराची लहान मुलगी बापाचा डबा घेऊन दारात उभी होती. क्लेमेंटीनचे सासरे तिला म्हणाले, “पाळणा तुझ्या बापाने केला, पहिला झोका तू दे.” तिने झोका दिला, वाकून बाळाच्या कानात त्याचं नाव सांगितलं आणि लाजून पळाली.

तिथून या घरात एक रीत पडली. माझ्यात आधी जो निजला असेल, त्यानेच पुढच्या बाळाला पहिला झोका द्यायचा. कानाला तोंड लावून नाव सांगायचं. मग त्या मुलाला एक नारळ आणि नवा सदरा मिळायचा. मार्सेलने त्याच्या बहिणीला, कार्मिनला असा झोका दिला. पुढे मी नात्यातल्या घरांतून फिरलो, कधी निर्मळला, कधी आगाशीला. बैलगाडीत पेंढ्यावर निजून जायचो आणि नवं बाळ आलं की पुन्हा तुळईला टांगला जायचो. प्रत्येक घरी आधीचं मूल नवा सदरा घालून ऐटीत यायचं. “हा माझा पाळणा आहे,” असं सगळ्यांना सांगायचं. मित्रांनो, कितीतरी मुलं मला आपला म्हणाली. माझ्या वाट्याला आलेलं कौतुक ते एवढंच, पण मला ते पुष्कळ होतं.

मग मार्सेलचं लग्न झालं. सेलिन घरात आली. वसईच्या कॉलेजात बी.ए. झालेली, हसरी, कुणाला न दुखावणारी. आणीबाणी उठली त्या वर्षी तिला मुलगा झाला, आग्नेल. मी पुन्हा नंदाखालला आलो.

माझ्यात त्याच्या आधी निजला होता निर्मळचा बेसिल. झोक्याचा मान त्याचा. तो आला तेव्हा त्याचं नाक वाहत होतं, आणि ते तो नव्या सदऱ्याच्या बाहीला पुसत होता. कार्मिनचं तेव्हा लग्न झालेलं नव्हतं. जिभेची तिखट, पण डोळा बारीक. तिनेच वहिनीला सावध केलं आणि वहिनीने ते हसण्यावारी नेलं. बेसिलने माझ्या कडेला दोन्ही हात धरले. हात ओले होते, ते लाकडाला कळलं. तो वाकला, बाळाच्या तोंडाशी तोंड नेऊन “आग्नेल” म्हणाला आणि शिंकला. सगळे हसले. कुणीतरी म्हणालं, “शिंकून पक्कं केलं बघा.”

आठवडा गेला असेल. एका दुपारी आग्नेलचा श्वास मला वेगळा लागला. निजलेल्या बाळाचा श्वास पाळण्याला कळतो. तो सावकाश असतो, भरतीच्या पाण्यासारखा. त्या दुपारी तो तुटक येत होता आणि बरगड्यांखाली खळगा पडत होता. सेलिनने दूध पाजायला घेतलं तर ओढेना. क्लेमेंटीनने ओव्याची पुरचुंडी तव्यावर गरम करून छाती शेकली. शेजारची एक म्हणाली, नजर लागली. दुसरी म्हणाली, वारा लागला. सेलिनने बाळाला शालीत गुंडाळलं आणि मार्सेल टांगा घेऊन येईपर्यंत ती रस्त्यावर जाऊन उभी राहिली.

सेलिन आणि बाळ इस्पितळात होती तेव्हा क्लेमेंटीनने माझ्या साखळ्या वर गुंडाळून बांधून टाकल्या. वाऱ्याने मी रिकामाच हललो तर तिला बघवत नव्हतं. तुळईला चिकटून मी खालचं घर बघायचो. चूल पेटायची, पण कुणी नीट जेवायचं नाही. मार्सेल इस्पितळातून आल्या आल्या थेट विहिरीवर जायचा.

आग्नेल वाचला. त्याला परत माझ्यात ठेवलं तेव्हा तो आधीपेक्षा हलका झाला होता. डॉक्टर सेलिनला म्हणाले होते, “मोठ्या मुलांना जी साधी सर्दी असते ती एवढ्याशा बाळाच्या थेट छातीवर उतरते. त्याला खोकून टाकता येत नाही, नाक चोंदलं तर दूध ओढता येत नाही.” बेसिलमुळेच झालं असं मी छातीठोकपणे सांगणार नाही. घरात त्या दिवशी शंभर माणसं येऊन गेली होती. पण सेलिनला मात्र दुसरं कुठलं कारण सापडत नव्हतं, आणि तिने ते शोधलंही नाही.

त्यानंतर ती बदलली. तिने थर्मामीटर विकत घेतला. पत्र्याच्या नळीत घालून तो ती कनवटीला लावायची. आग्नेलला एक शिंक आली की बाहेर जाणं बंद. मे महिन्यात खुरसाजवळ, म्हणजे आळीतल्या क्रुसाजवळ, प्रार्थनेला अख्खी आळी जमायची, नंतर मुलांना उकडलेले चणे मिळायचे. आग्नेल खिडकीच्या गजांना धरून ती गाणी ऐकायचा. मावशीच्या लग्नाला तो मांडवापर्यंत जाऊन परत आला. नाताळात शाळेतल्या मुलांनी गव्हाणीचा देखावा केला, त्यात त्याला मेंढरू व्हायचं होतं. कापसाचे कान क्लेमेंटीनने शिवून ठेवले होते. त्या सकाळी त्याचं नाक जरा ओलं दिसलं आणि मेंढरू घरी राहिलं.

“मेंढराला सर्दी झाली तर बाळ येशू रागावणार आहे का?” क्लेमेंटीन म्हणाली. सेलिनने ऐकून न ऐकल्यासारखं केलं. आळीतल्या बायका तिला आडून ‘थर्मामीटर’ म्हणू लागल्या. पुढे आडूनही राहिलं नाही. “थर्मामीटर, आज यायचं की नाही?” असं कुंपणावरूनच विचारायच्या. ती हसायची, पण कान लाल व्हायचे.

मी तेव्हा रिकामाच होतो, आतल्या खोलीत तुळईला. मला तिची भीती कळायची आणि त्या पोराचं खिडकीत बसणंही बघवायचं नाही. दोन्ही एकाच घरात होतं आणि मला काही करता येत नव्हतं.

मध्यंतरी कार्मिनचं लग्न झालं. उमराळ्याच्या ॲन्सेल्मशी. पहिलं बाळ हाताशी लागलं नाही. मला न्यायला गाडी ठरलेली होती, ती आलीच नाही. नंतर पुष्कळ दिवस त्या विषयावर कुणी बोललं नाही. मग तिला दुसऱ्यांदा दिवस राहिले आणि दिवस भरायच्या आधीच मुलगी झाली. मार्सेल बघून आला आणि ओटीवर बसून म्हणाला, “माझ्या तळहातावर मावेल, एवढीशी आहे.” मुलगी जगली. दूध ओढायला लागली. अंगावर थोडं मांस आलं तेव्हा बाप्तिस्म्याचा रविवार ठरला. नाव ग्रेसी. आणि माझ्यात शेवटचा निजलेला होता आग्नेल. म्हणजे पहिला झोका त्याचा.

आग्नेल तेव्हा चार वर्षांचा होता. त्याने महिनाभर त्या एका गोष्टीचा जप केला. एका उशीला माझ्यात निजवून तो झोका द्यायचा आणि उशीच्या कानात ‘ग्रेसी’ म्हणायचा. नवा सदरा आला, पिवळा. मला खाली उतरवून शिकेकाईच्या पाण्याने धुतलं, खोबरेल चोळलं. निळे पोपट पुसले. मित्रांनो, धुतल्यानंतर उन्हात वाळताना मला पुन्हा नवं झाल्यासारखं वाटलं.

शुक्रवारी आग्नेलचं नाक गळायला लागलं.

फार काही नव्हतं. अंगात ताप नाही. भाकरी नीट खात होता. कोंबड्यांमागे धावत होता. नाकातून पाण्यासारखं यायचं आणि मधूनच एक शिंक. सेलिनने गवती चहाचा काढा दिला. शनिवारी तसंच. रविवारी सकाळी मी ओटीवर बांधून तयार होतो, गाडी दारात होती, तेव्हाही तसंच.

“ताप बघितलास ना?” मार्सेलने विचारलं.

“बघितला. काही नाही.”

“मग झालं तर. त्याला सदरा घाल.”

सेलिन दाराच्या चौकटीला टेकून उभी राहिली. “अहो, मी त्याला नेणार नाही.”

क्लेमेंटीन लुगड्याची घडी मोडत होती, ती थांबली. “काय म्हणालीस?”

“आई, ग्रेसी केवढीशी आहे.”

“अगं, पण याला झालंय काय? नाक तर याचं बारा महिने गळतं. तू याला मेंढरू होऊ दिलं नाहीस, मी गप्प बसले. लग्नाला नेलं नाहीस, मी गप्प बसले. आज माझ्या लेकीचं बाळ आहे. किती वर्षांनी तिच्या घरी हा दिवस उजाडलाय, आणि तू तिथे जायला शिंका मोजत बसणार?”

सेलिनने कनवटीची नळी काढली, उघडली आणि पुन्हा बंद केली. मला वाटलं, आता ती ऐकणार. चार वर्षांत इतक्या वेळा नाही म्हटल्यावर एकदा हो म्हणायला तिलाही आवडलं असतं.

“आई, मेंढराच्या वेळी माझं चुकलं असेल,” ती म्हणाली. “आज लग्न असतं तर मी त्याला नेलं असतं. खुरसाकडे नेलं असतं. हा थर्मामीटर आग्नेलचं सांगतो. आग्नेल ठीक आहे. पण तिकडे ज्या बाळाच्या कानाशी आग्नेल तोंड नेणार आहे, त्याचं हा काही सांगत नाही.”

“मग नेऊ आणि बाहेर मांडवात ठेवू,” मार्सेल म्हणाला. “आत जाऊच द्यायचं नाही.”

“तुमच्या बहिणीच्या घरी? पहिला झोका याचा, आणि याला कुणी बाहेर राहू देईल? त्या सगळ्या बायका ओढून आत नेतील. आणि माझ्याने तिथे सगळ्यांसमोर ‘नाही’ म्हणवणार नाही. म्हणून इथेच म्हणते.” मग ती हळू म्हणाली, “माझाही घसा सकाळपासून खवखवतोय. मीही येत नाही. तुम्ही दोघं पाळणा घेऊन जा.”

“कार्मिनला काय सांगू?” मार्सेलने विचारलं.

“खरं तेच सांगा.”

“ती काय समजेल माहीत आहे ना तुला?”

“माहीत आहे.”

गाडी निघाली तेव्हा आग्नेल पिवळा सदरा घालून पायरीवर उभा होता. त्याने तो स्वतःच घातला होता, बटणं वरखाली लावून. तो रडला नाही. आपण गाडीत का नाही हेच त्याला कळलं नव्हतं. केळीची पानं आड येईपर्यंत मला तो पिवळा ठिपका दिसत होता.

उमराळ्याच्या घरी मांडव घातला होता. पाहुणे अजून देवळातून यायचे होते. मला तुळईला टांगलं, मऊ धडोतं अंथरलं. मग बाळ आलं, पांढऱ्या झग्यात, आणि कार्मिन माझ्या शेजारच्या खाटेवर बसली. तिने दाराकडे बघितलं.

“दादा, आग्नेल कुठे?”

मार्सेलने सांगितलं. त्याला नीट सांगता आलं नाही. “जरा सर्दी आहे... सेलिन म्हणाली, बाळ लहान आहे...”

“ताप आहे का त्याला?”

“नाही.”

कार्मिनचा चेहरा उतरला. मग तो कठीण झाला. “म्हणजे नाक गळतंय म्हणून वहिनीला माझ्याकडे यायचं नव्हतं. माझ्याकडे यायचं म्हटलं की तिचं काहीतरी निघतंच. मागच्या वेळीही आली नव्हती.” मागच्या वेळी म्हणजे पहिलं बाळ गेलं तेव्हा. तेव्हा आग्नेलला कांजिण्या निघाल्या होत्या. ते खरं होतं, पण ते आठवण्याची ती वेळ नव्हती.

ॲन्सेल्मची आत्या पुढे झाली. “त्यात काय एवढं? आमचा नातू देईल झोका. मूल ते मूल.”

“नको,” कार्मिन म्हणाली. “पाळणा आग्नेलचा आहे. तो येत नाही तर राहू दे रिकामा.”

हे ती रागाने म्हणाली. रिकामा पाळणा टांगून ठेवायचा म्हणजे येणाऱ्या प्रत्येकाने विचारायचं आणि प्रत्येकाला सांगायचं की भावजय आली नाही. तिला तेच हवं होतं. बाळाला तिने मांडीवर घेतलं आणि दिवसभर मी तिच्या शेजारी तसाच लटकून राहिलो. बायका येत होत्या, मला बघत होत्या. “थर्मामीटर नाही आली का?” “तिचा पारा चढला असेल.” खोलीभर हसू पसरायचं. कार्मिनही हसायची. क्लेमेंटीन मात्र त्या हसण्यात नव्हती. सून तिचीच होती. घरात तिला कितीही बोलली असली तरी दुसऱ्यांच्या तोंडून तिला ते ऐकवत नव्हतं. ती उठून मांडवात तांदळाची वाफवलेली सांदणं वाढायला गेली.

दुपारी जेवणं चालू होती. मुलं आत-बाहेर धावत होती. त्यात आत्याचा नातू माझ्यापाशी आला. त्याला माझे निळे पोपट हवे होते. पाय उंचावून त्याने माझी कड पकडली आणि मला पुन्हा तो ओला, चिकट स्पर्श कळला. त्याच्या नाकातून दोन रेघा ओठांपर्यंत आल्या होत्या. पोपट हाताला लागेना, तेव्हा तो खाटेकडे वळला, कार्मिनच्या गुडघ्यावर रेलला आणि बाळाच्या तोंडावर वाकला. “बाळ बघू,” म्हणाला.

कार्मिनने त्याच्याकडे बघितलं. खूप वेळ नाही, एखादा श्वास घेण्याएवढाच. मग तिने बाळाला पदराखाली घेतलं आणि मागे सरकली.

“बाळा, बाहेर खेळ हं. आत नको.”

आत्या दारातच होती. तिला ते लागलं. “का गं? आमच्या पोराला काय झालंय? जरा नाक गळतंय एवढंच.”

“एवढंच आहे, आत्या. पण हिला नको.”

“आता तूही थर्मामीटर झालीस का?”

खोलीत पुन्हा हसू आलं. या वेळी कार्मिन हसली नाही. “झाले,” ती म्हणाली. “बाहेर भरपूर जागा आहे. ज्यांना सर्दी आहे त्या सगळ्यांना मांडवात दोन दोन सांदणं जास्त द्या. खोलीत नको.”

हळूहळू खोली रिकामी झाली. कार्मिनने दार लोटून घेतलं. बाळ दूध पीत होतं आणि ती माझ्याकडे बघत होती. मग तिने मार्सेलला हाक मारून बोलावलं.

“दादा, सकाळपासून कुणी वहिनीकडे गेलं का?”

“सगळे इथेच आहेत.”

“आग्नेल कसा आहे, कुणी विचारलं?”

मार्सेल नवरा असून त्यालाही ते सुचलं नव्हतं. तो दिवसभर लोकांना उत्तरं देत फिरत होता.

“दोघं घरात एकटी आहेत,” कार्मिन म्हणाली. “ती माझ्या मुलीसाठी घरी बसली. आणि मी तिला दिवसभर लोकांच्या तोंडी दिलं.” मग तिने नवऱ्याला हाक मारली. “अहो, सायकल काढा. ताट भरून घ्या. भाकरी, रस्सा, सांदणं, सगळं. तुम्ही जा. दादा गेला तर तो नवरा म्हणून गेला असं होईल. या घरातून कुणीतरी जायला हवं.”

“आणि काय सांगू?” ॲन्सेल्मने विचारलं. तो कमी बोलणारा माणूस. निरोप द्यायचा म्हटलं की त्याला घाम यायचा.

“सांगा, पाळणा टांगलेला आहे. आग्नेलचं नाक सुकलं की त्याने यावं. तोवर ग्रेसी माझ्या मांडीवर.”

दिवेलागणीला ॲन्सेल्म परतला. सगळ्या बायका त्याच्याभोवती जमल्या.

“काय म्हणाल्या वहिनी?”

“काही नाही म्हणाल्या.”

“म्हणजे?”

“आग्नेल सदरा घालूनच झोपला होता. वहिनी ओटीवर बसल्या होत्या. मी ताट दिलं. त्यांनी घेतलं आणि रडायलाच लागल्या. मला काय करावं कळेना, मी कोंबड्या हाकत राहिलो. मग म्हणाल्या, सकाळपासून तुम्ही पहिलेच.” त्याने कपाळाचा घाम पुसला. “मी निरोप सांगितला. तर म्हणाल्या, आत या. मग म्हणाल्या, नको, आत येऊ नका, बाळाकडे परत जायचंय. मी पायरीवरच चहा घेतला.”

कुणी हसलं नाही.

दुसऱ्या दिवशी आग्नेलचं नाक सुकलं. पुढे काहीच झालं नाही. खोकला नाही, ताप नाही. आळीतल्या बायका म्हणाल्या, बघा, उगाच एवढं केलं. सेलिन त्यावर काय म्हणणार? जे झालं नाही ते कुणाला दाखवता येत नाही. तो गेला असता तरी कदाचित काही झालं नसतं. हे मलाही माहीत नाही, मित्रांनो, आणि तिलाही कधी कळणार नाही. न कळताच तिला ठरवायचं होतं.

पुढच्या रविवारी सेलिन आणि आग्नेल उमराळ्याला आली. ना मांडव होता, ना पाहुणे. सेलिनने मोरीत आग्नेलचे हात साबणाने धुतले. कार्मिनने दारातच तिला जवळ घेतलं आणि म्हणाली, “थर्मामीटर, आज पारा किती?” सेलिन म्हणाली, “आज उतरलाय.” मग बाळ पहिल्यांदा माझ्यात निजलं. तिचं वजन मला जवळजवळ जाणवलंच नाही. आग्नेलने कड धरली आणि इतका सावकाश झोका दिला की माझी साखळीही वाजली नाही. वाकून त्याने नाव सांगितलं. मग मागे वळून आईला विचारलं, “ऐकलं असेल का तिने?”

त्यानंतर सेलिन काही एकदम निर्धास्त झाली नाही. थर्मामीटर तिच्या कनवटीला राहिलाच. पण पुढच्या मे महिन्यात आग्नेल नाक पुसत पुसत खुरसाच्या प्रार्थनेला गेला आणि दोन मुठी चणे घेऊन आला. जिथे तान्हं मूल असेल, म्हातारं किंवा आजारी माणूस असेल तिथे नाही, आणि बाकी ठिकाणी चालेल, असं तिचं ठरलं. कधी चुकायचीही. चुकली की मार्सेलवर चिडायची.

ग्रेसीनंतर मी आणखी दोन घरं फिरलो. मग नळीचे, चाकांचे पाळणे दुकानात मिळू लागले. विहिरीवर विजेचा पंप बसला, रहाट मोडून पडला. बागा विकून तिकडे नालासोपाऱ्याकडे इमारती उठू लागल्या, त्यांच्या छतांना तुळई नाही. मला टांगणार कुठे? मार्सेलने मला पोत्यात गुंडाळून माळ्यावर ठेवलं. मला त्याचं वाईट वाटलं, नाही असं नाही. लाकूड बाळाच्या वजनाशिवाय सुकत जातं.

पण मला पुन्हा टांगा, असं मी तुम्हाला सांगणार नाही. माझं मागणं वेगळं आहे.

तुम्हाला सर्दी झाली असेल तर बाळाच्या जवळ जाऊ नका. हे तुमची आई सांगेलच. मी सांगतो ते तिच्याही लक्षात येणार नाही. तुमच्या आळीत कुठे बारसं असेल, वाढदिवस असेल, नाताळचं जेवण असेल, आणि सगळे जमले असताना एक घर आलेलं नसेल. कुणाचं तरी नाक गळत असेल आणि त्याची आई दुसऱ्याच्या मुलासाठी आपल्या मुलाला घेऊन घरी बसलेली असेल. त्या घराचं दार बंद असेल आणि आत कुणीतरी नवा सदरा घालून बसलं असेल. जेवण संपायच्या आधी तुम्ही उठा. एक ताट झाकून घ्या आणि तिथे जा. पायरीवरूनच विचारा, “कसा आहे?” आत जायचं नाही. पण जा.